लॉकरला दोन चाव्या कशासाठी, आणि चावी अडकू लागली तर काय करावे

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आईच्या आणि तुमच्या नावे बँकेत लॉकर आहे. उघडताना बँकेच्या बाई त्यांची चावी लावतात, फिरवतात, काढून घेतात आणि निघून जातात; मग तुमच्या चावीने दार उघडते. बंद करताना मात्र त्यांची चावी लागतच नाही. मग त्यांच्या चावीचा उपयोग काय? दुसरे, तुमच्या चावीची नक्कल बँकेकडे असते का? आणि तिसरे, गेल्या पावसाळ्यापासून चावी अडकत फिरते, चार थेंब तेल सोडले तर चालेल का?

तेल सोडू नका. एवढे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचून होईपर्यंत कोणी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी पर्समध्ये घालून बँकेत जायला नको.

माझ्या मते तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: दोन चाव्या म्हणजे दुप्पट मजबुती. तसे नाही. दोन चाव्यांमुळे कोणा एकट्याला लॉकर उघडता येत नाही, इतकेच साधते. मजबुतीचा बहुतेक भार तुमच्या एका चावीवर असतो. म्हणून ती चावी कोणाकोणाच्या हातातून गेली आहे, तिची झीज किती झाली आहे आणि दार लावताना बोल्ट, म्हणजे कुलपातून सरकून बाहेर येणारा दांडा, खरोखर चौकटीत गेला की नाही, या गोष्टी बँकेच्या चावीपेक्षा जास्त महत्त्वाच्या ठरतात.

तुमचे कुलूप मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी जर-तरच्या राहतील. आपल्याकडच्या शाखांत वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या काळातली कपाटे एकाच खोलीत उभी असतात. काहींना चावीची दोन भोके असतात, काहींना एकच, आणि दोन्ही चाव्या एकामागून एक त्यातच लागतात. कुठे बँकेची चावी आत ठेवूनच तुमची फिरवावी लागते, कुठे ती काढून घेतली तरी चालते. तत्त्व मात्र सगळीकडे तेच.

हे कुलूप लिव्हरचे असते. झाकण काढले की आत पितळी पट्ट्यांची, म्हणजेच लिव्हरची, चळत दिसते, पत्त्यांच्या कॅटसारखी एकावर एक रचलेली. सगळ्या पट्ट्या एका टोकाला एकाच खिळीवर झुलतात आणि प्रत्येकीला एक बारीक स्प्रिंग खाली दाबून धरते. प्रत्येक पट्टीत एक खिडकी कापलेली असते: पुढे एक कप्पा, मागे एक कप्पा, आणि दोघांना जोडणारी एक अरुंद खाच. बोल्टवर एक छोटा चौकोनी खुंट उभा असतो आणि तो या सगळ्या खिडक्यांमधून आरपार गेलेला असतो. कुलूप बंद असताना खुंट एका कप्प्यात असतो. बोल्ट मागे घ्यायचा तर खुंटाने खाचेतून दुसऱ्या कप्प्यात जायला हवे, आणि त्यासाठी सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत यायला हव्यात.

ते काम चावीच्या दातांचे. दातांच्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या असतात आणि प्रत्येक पायरी आपापली पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलते. एखादी पट्टी कमी उचलली गेली तर खुंट खाचेच्या एका काठावर आपटतो, जास्त उचलली गेली तर दुसऱ्या काठावर. ‘जास्त उचललेलेही चालत नाही’ ही सुधारणा रॉबर्ट बॅरन या इंग्रज माणसाची, १७७८ ची. त्याआधीच्या कुलपांत खटका पुरेसा वर ढकलला की काम भागत असे. पुढे १८१८ मध्ये जेरेमाया चबने असे कुलूप काढले की पट्टी जास्त उचलली गेली तर ती वर अडकून राही आणि कोणीतरी खटाटोप केल्याचे मालकाला कळे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने तेही उघडून दाखवले आणि कुलूप बनवणाऱ्यांची झोप उडाली. लॉकरचे आजचे कुलूप याच घराण्यातले आहे.

आता आकडा. समजा तुमच्या बाजूला ७ पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीसाठी ५ वेगवेगळ्या उंची शक्य आहेत. पाचाचा सातवा घात म्हणजे ७८,१२५ चाव्या. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच गाळाव्या लागतात: सगळे दात एकाच उंचीचे नकोत, लागोपाठच्या दोन दातांत फार मोठा उतार नको, नाहीतर चावी तिथे कमकुवत होते. तरीही एका शाखेतल्या सगळ्या लॉकरना वेगवेगळी चावी देऊन भरपूर उरतील इतक्या शिल्लक राहतात. मात्र शेजारच्या दोन उंचींमधला फरक मिलिमीटरच्या अंशातला असतो. हे लक्षात ठेवा, झिजलेल्या चावीकडे आलो की कामाला येईल.

लॉकरच्या कुलपात एका पेटीत, एकाच बोल्टसाठी, अशा दोन चळती असतात. एक तुमची, एक बँकेची. बँकेच्या बाजूला साधारणपणे कमी पट्ट्या असतात, आणि बँकेची चावी एका कपाटातल्या सगळ्या लॉकरना, कधीकधी सगळ्या खोलीलाच, एकच असते. दिवसभर ती चावी पन्नास वेळा वापरली जाते. तिच्यात गुपित फारसे उरत नाही आणि ते अपेक्षितही नाही. तिचे काम परवानगी देण्याचे. तुमची चावी चोराच्या हाती पडली तर त्याला आधी रजिस्टरवर सही करावी लागेल, ओळख पटवावी लागेल आणि मग कोणीतरी येऊन बँकेची चावी फिरवावी लागेल. उलट बँकेच्या चावीची कोणी नक्कल केली तरी तिने एकही दार उघडणार नाही, कारण तुमच्या सात पट्ट्या जागच्या जागी आहेत.

मग बंद करताना ती का लागत नाही? बऱ्याच कुलपांत बँकेची चावी बोल्टच्या वाटेतला एक अडसर बाजूला करते आणि तो बाजूलाच थांबतो. म्हणून बाई चावी काढून जाऊ शकतात. तुम्ही वस्तू ठेवून दार लावता, आपली चावी फिरवता, बोल्ट पूर्ण बाहेर येतो, आणि बाहेर येता येता तो अडसराला धक्का देऊन परत जागेवर पाडतो. त्या क्षणी बँकेची बाजूही आपोआप बंद होते. पुन्हा उघडायचे तर पुन्हा दोन्ही चाव्या. हे मुद्दाम असे केलेले आहे. उघडण्यावर पहारा हवा, बंद करण्यावर नको. शिवाय तुम्ही आत काय ठेवता ते बघायला कोणी शेजारी उभे राहायला नको.

या सोयीतून दोन गोष्टी निघतात आणि त्या ग्राहकांना सहसा कोणी सांगत नाही.

पहिली: बाईंनी चावी फिरवली आणि तेवढ्यात तुमच्या लक्षात आले की आपण भलतीच चावी आणली आहे, तर तसेच निघून येऊ नका. अशा रचनेत बँकेचा अडसर बाजूलाच राहिलेला असतो आणि तुमचे लॉकर तेवढ्यापुरते एका चावीचे झालेले असते. बाईंना बोलावून ‘उघडले नाही, तुमची बाजू परत बंद करा’ असे सांगा.

दुसरी जास्त महत्त्वाची. लॉकरची चावी सहसा बोल्ट पूर्ण बाहेर गेल्याशिवाय निघत नाही. दार उघडे असताना ती कुलपात अडकून राहते. तो दोष नाही, सोय आहे. त्यामुळे लोकांची समजूत होते की चावी निघाली म्हणजे लॉकर बंद झाले. पण कुलपाला फक्त आपला बोल्ट कुठे आहे एवढेच कळते, दार कुठे आहे ते कळत नाही. आतला डबा थोडा पुढे राहिला, दार चौकटीत पूर्ण बसले नाही आणि तुम्ही चावी फिरवली, तर बोल्ट चौकटीच्या भोकात न जाता तिच्या बाहेरच येतो. चावी निमूटपणे निघते. लांबून दार बंद दिसते. बँकांत लॉकर उघडे सापडते ते अनेकदा असे.

म्हणून चावी काढल्यावर दाराच्या कडेवरून नख फिरवून बघा. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या दारांशी आपले दार एका पातळीत हवे; नख अडखळले तर गडबड आहे. बऱ्याच लॉकरना मूठ नसते, दार चावीनेच ओढले जाते. तेव्हा चावी परत घालून, ओढताना निघून येणार नाही एवढीच किंचित फिरवून, हलकेच स्वतःकडे ओढा. दार तसूभरही हलता कामा नये. दहा सेकंदांचे काम आहे.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ ला लॉकरविषयी सुधारित सूचना काढल्या, त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. त्यानुसार तुम्ही गेल्यावर लॉकर नीट बंद आहे का हे बँकेच्या माणसाने तपासायचे असते. उघडे आढळले तर लगेच बंद करायचे, तुम्हाला ईमेल, एसएमएस किंवा पत्राने कळवायचे आणि तारीख-वेळेसह नोंद ठेवायची. दिवसाच्या शेवटी पुन्हा एक फेरी मारायची. त्या फेरीत आत कोणी माणूस चुकून कोंडला गेलेला नाही ना हेही बघायचे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कोणावर तरी ती वेळ आली असणार. लॉकर उघडले गेले की त्याच दिवशी तुम्हाला एसएमएस आणि ईमेलही यायला हवा. येत नसेल तर बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर जुना आहे का ते आधी बघा. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर या कारणांनी नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे ३,००० असेल तर ३ लाख. पण ग्राहकाच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान त्यात धरले जात नाही. दार ओढून बघण्यामागे हेही एक कारण.

आता नकलेचा प्रश्न. भाडेकरूच्या बाजूची चावी आपल्याकडे बहुधा एकच दिली जाते आणि तिची जोडी बँक स्वतःकडे ठेवत नाही. चावी हरवली की कुलूप फोडायची वेळ येते ती म्हणूनच. बँकेच्या मास्टर चावीची मात्र दुसरी प्रत असते आणि ती त्याच शाखेत न ठेवता बँकेच्या दुसऱ्या शाखेत ठेवायची असते.

मला विचाराल तर बँकेकडच्या नकलेपेक्षा आधीच्या भाडेकरूची काळजी जास्त करावी. तुमच्या आधी ते लॉकर कोणाकडे तरी होते आणि चावी त्यांच्या घरी काही वर्षे होती. यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे कुलपांची अदलाबदल: लॉकर रिकामे झाले की त्याचे कुलूप काढून दुसऱ्या रिकाम्या लॉकरला लावायचे. जुनी चावी कोणाकडे असलीच तरी ती आता कुठल्या दाराची हे त्याला कळत नाही. काही कुलपांत कुलूप न काढता चावी बदलता येते. त्यांच्या पट्ट्या दोन भागांच्या असतात, बारीक दातऱ्यांनी एकमेकींत अडकलेल्या. ठरावीक स्थितीत त्या सैल करून नवी चावी फिरवली की पट्ट्या तिच्या मापाने नव्याने बसतात. इथे बिघाड एकच होतो, पण वाईट होतो: नवी चावी अर्धवट फिरवली तर काही पट्ट्या जुन्या मापावर आणि काही नव्या मापावर राहतात, मग कुठलीच चावी चालत नाही. म्हणून हे काम जाणकारानेच करावे, आणि दार उघडे ठेवून तीन-चार वेळा चावी फिरवून बघितल्याशिवाय दार लावू नये.

लॉकर घेताना शाखेत सरळ विचारा: ‘आधीचा ग्राहक गेल्यावर कुलूप बदलले का? नोंद कुठे आहे?’ रिकाम्या लॉकरच्या चाव्या सीलबंद पाकिटात ठेवायच्या असतात, तेव्हा पाकीट तुमच्यासमोर फुटले पाहिजे. उघड्या ड्रॉवरमधून काढून चावी हातात ठेवली तर मी ते लॉकर घेणार नाही, कितीही ओळखीचे साहेब असोत.

चावीवर बँकेचा किंवा शाखेचा संकेतांक उठवलेला असायला हवा, हेही त्याच सूचनांत आहे. चावीवर आणखी आकडा असला तर तो सहसा कुलपाचा असतो, लॉकरचा नव्हे. सापडलेल्या चावीवरून लॉकर कळू नये अशी ती योजना. मग आपणच प्लॅस्टिकच्या बिल्ल्यावर ‘लॉकर नं. अमुक’ लिहून चावीला अडकवतो आणि ती योजना मातीत घालतो. बिल्ला काढून टाका.

रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून नक्कल करून घेऊ नका. बँकेने दिलेल्या चावीनेच लॉकर चालवायचे हा नियम आहेच, पण कारण तांत्रिकही आहे. तो तुमच्या झिजलेल्या चावीची नक्कल कानशीने करतो, म्हणजे झीज अधिक त्याच्या हाताची चूक. मघाशी म्हटले तसे फरक मिलिमीटरच्या अंशातले आहेत. अशी चावी आत जाते, अर्धी फिरते आणि अडकते. लॉकरला स्वतःचे कुलूप अडकवायची कडी असेल तर ते लावायला मुभा आहे. बहुतेक लॉकरना ती नसते.

आता अडकणारी चावी. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात निकडीचा भाग हाच आहे, कारण आज दार उघडते आहे. ‘अडकते’ एवढ्यावरून निदान होत नाही. कुठे अडकते ते बघावे लागते.

आत जाताना अडखळत असेल तर दोष बहुधा चावीत किंवा भोकात. चावी वर्षभर देवघरात किंवा पर्समध्ये असते. लक्ष्मीपूजनाला लावलेले हळदकुंकू दातांच्या खाचांत बसते, पर्समधला धाग्यांचा गुंता भोकात जातो. चावी कोरड्या टूथब्रशने घासा, कुंकू ओले करून पसरवू नका. मग ती आरशाच्या काचेवर सपाट ठेवून बघा, वाकली असेल तर खालून उजेड दिसेल. वाकलेली चावी हातोडीने सरळ करू नका, पॉलिश पेपरही लावू नका. दाताचा माथा जेवढा घासाल तेवढी पट्टी कमी उचलली जाईल.

आत पूर्ण जाते पण फिरायला सुरुवात होताच थांबते, थोडे खालीवर केले की चालते: ही पट्ट्या रेषेत न आल्याची खूण. चावी झिजली आहे, पट्ट्या चिकटल्या आहेत, एखादी स्प्रिंग गेली आहे, किंवा बँकेची बाजूच पूर्ण मोकळी झालेली नाही. सगळ्यात आधी हे शेवटचे तपासा. बाईंना त्यांची चावी पुन्हा लावून शेवटपर्यंत फिरवायला सांगा. घाईत ती थोडी कमी फिरते आणि ग्राहक आपल्या चावीवर जोर काढत बसतो. तुटलेल्या स्प्रिंगची ओळख म्हणजे लहर: एका वेळी पहिल्या फटक्यात उघडते, पुढच्या वेळी दहा मिनिटे घेते.

फिरते, पण शेवटच्या भागात जड जाते: इथे कुलूप बिचारे निर्दोष असण्याची शक्यता मोठी. बोल्ट चौकटीला घासतो आहे. डबा गच्च भरून दाराला आतून रेटतो आहे, किंवा बिजागरी सैल होऊन दार किंचित उतरले आहे. एका हाताच्या तळव्याने दार आत दाबून धरा आणि मग चावी फिरवा. हलकी फिरली तर दोष दारात किंवा डब्यात. डबा शेवटपर्यंत आत ढकला, वर आलेल्या मखमली पेट्या आडव्या करा.

याची पक्की परीक्षा एकच. दार उघडे असताना चावी फिरवून बोल्ट बाहेर काढा आणि परत आत घ्या. उघड्या दारात लोण्यासारखा चालला आणि बंद दारात जड झाला, तर कुलूप चांगले आहे. उघड्या दारातही जड असेल तर कुलपाची सफाई हवी. पण ही परीक्षा एकट्याने करू नका. बोल्ट बाहेर येताच बँकेचा अडसर पडतो, आणि मग तो आत घ्यायला पुन्हा त्यांची चावी लागते. बाईंना सांगून, त्या समोर असतानाच करा.

चावी निघतच नसेल तर बोल्ट पूर्ण गेलेला नाही. ओढू नका, पिळू नका; दार दाबून चावी बंदच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवा. हे सगळे करताना जोर अंगठा आणि तर्जनी यांचाच. चावीच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर घालून पिळले की दोनच गोष्टी होतात, चावी पिळवटते किंवा मोडून अर्धी आत राहते.

तुम्ही पावसाळा म्हटले आहे, म्हणजे माझा पहिला संशय चिकटलेल्या पट्ट्यांवर. मुंबईत, कोकणात, गोव्यात दमट हवेने स्प्रिंगला गंज धरतो आणि पितळेवर हिरवट थर येतो. लॉकरची खोली तळघरात असेल तर जास्तच. त्यात आधी कोणीतरी तेल सोडलेले असते. पट्ट्यांमध्ये तेल गेले की त्या एकमेकींना धरून ठेवतात: एक उचलली की शेजारचीही थोडी वर येते, आणि बारीक स्प्रिंगला ती सोडवता येत नाही. वर धूळ आणि झिजलेल्या पितळेची पूड मिसळून लगदा होतो. फसगत अशी की तेल सोडल्यावर पहिले काही दिवस चावी सुरेख फिरते, म्हणून लोकांचा तेलावर विश्वास बसतो. खोबरेल तर सगळ्यात वाईट. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजू लागते आणि लॉकरच्या खोलीत एसी चालू असतो. ग्राफाइटची कोरडी पूड चालते, पण स्वच्छ कुलपात आणि चिमूटभर. आत जुने तेल असेल तर तिचेही काळे मलम होते.

खरा उपाय म्हणजे कुलूप उतरवून धुणे. दार उघडे असताना आतल्या बाजूचे स्क्रू काढले की कुलूप हातात येते. कारागीर झाकण उघडतो, पट्ट्या क्रमाने मांडतो, द्रावणाने धुऊन कोरड्या करतो, थकलेल्या स्प्रिंगा बदलतो, चावीची उंची पट्ट्यांशी ताडून पाहतो आणि परत बसवतो. तासाच्या आतले काम. यात शब्द महत्त्वाचा ‘दार उघडे असताना’. दार बंद स्थितीत चावीने दगा दिला की हा मार्ग संपतो. मग ड्रिल, नवे कुलूप, नवी चावी आणि सगळा खर्च तुमच्या माथी.

फोडायची वेळ आलीच, किंवा चावी हरवली, तर काय होते तेही सांगतो. बँकेला लगेच लेखी कळवायचे, आणि हरवलेली चावी पुढे सापडली तर जमा करीन असे लिहून द्यायचे. बँक किंवा तिने नेमलेला कारागीर, ओळख पटवून, तुमच्या आणि बँकेच्या अधिकाऱ्याच्या समोर कुलूप काढतो. शेजारच्या लॉकरना धक्का लागता कामा नये आणि तुमच्या वस्तू तुमच्याशिवाय कोणाच्या नजरेस पडता कामा नयेत, ही बँकेची जबाबदारी आहे. याचे शुल्क प्रत्येक बँकेचे वेगळे. आधी विचारून घ्या. ड्रिल झाल्यावर पितळ आणि लोखंडाचा किस आत पडतो. डबा बाहेर काढून पांढऱ्या कापडावर झटका, दागिन्यांच्या कड्यांत अडकलेला किस ब्रशने काढा, आणि तो काढून होईपर्यंत कागदपत्रांवर हात फिरवू नका. बोटाला टोचतोही आणि कागदावर ओरखडेही पडतात. नव्या कुलपाची चावी उघड्या दारात तीनदा फिरवून मगच सही करा.

इलेक्ट्रॉनिक लॉकरविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून एवढेच: तिथे पट्ट्यांची जागा पासवर्ड किंवा बोटाचा ठसा घेतो, पण दार ओढून बघायची सवय तिथेही सोडू नका.

तेव्हा या आठवड्यात शाखा व्यवस्थापकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्या: लॉकर क्रमांक, ‘चावी फिरण्यास अडथळा येतो, दार सध्या उघडते, कुलपाची तपासणी व सफाई करून द्यावी’, आणि तारीख. पोच घ्या. सफाईचा खर्च कोणाचा ते करारात बघा. पुढे कुलूप फोडावे लागले आणि खर्चावरून वाद झाला तर तुम्ही आधीच कळवले होते याला ही पोच पुरावा ठरते. कारागीर येईल त्या दिवशी आई आणि तुम्ही दोघे जा, चेन असलेली एक रिकामी पिशवी न्या. त्याने स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी डबा तिच्यात रिकामा करा आणि काम संपेपर्यंत पिशवी आईच्या मांडीवर राहू द्या.